द्राक्षबागेतील सूत्रकृमी : ओळख, हानी आणि व्यवस्थापन

प्रस्तावना

द्राक्षाची बाग हे दीर्घ मुदतीचे पीक आहे. एकदा लावलेली बाग बारा-पंधरा वर्षे उत्पन्न देईल, या हिशोबाने शेतकरी मंडप उभारतो, ठिबक संच बसवतो आणि बँकेचे किंवा सोसायटीचे कर्ज काढतो. तासगाव, मिरज, कवठेमहांकाळपासून अथणी, जमखंडी, विजापूरपर्यंतच्या पट्ट्यात हजारो कुटुंबांचे जीवन या हिशोबावर चालते. बागेत राबणारा मजूर, बेदाणा निवडणाऱ्या स्त्रिया, माल उचलणारा बागवान व्यापारी, सर्वांचा रोजगार त्या वेलींवर अवलंबून आहे. आपल्या संस्थांतून शिकणारी बरीच मुले याच घरांतून येतात.

अशी बाग काही वेळा सहाव्या-सातव्या वर्षीच खचू लागते. वर पाहिले तर करपा नाही, भुरी नाही, केवडा नाही. पाणी वेळेवर आहे, खताचा हप्ता चुकलेला नाही. तरीही काडी बारीक निघते, घड आखूड राहतात आणि उत्पन्न दरवर्षी घटत जाते. शेतकरी खत वाढवतो, दुकानदार सांगेल ते टॉनिक देतो, खर्च वाढतो, फरक पडत नाही. अशा बागांच्या दुखण्याचे एक महत्त्वाचे कारण मुळांत असते आणि ते उघड्या डोळ्यांना दिसत नाही. ते म्हणजे सूत्रकृमी.

प्रस्तुत लेखाचा लेखक कृषिशास्त्रज्ञ नाही, भाषेचा अध्यापक आहे. परंतु शास्त्रज्ञांची माहिती तांत्रिक परिभाषेत अडकून राहते आणि बांधावर पोहोचेपर्यंत तिचे केवळ औषधाचे नाव उरते, असा अनुभव आहे. म्हणून सूत्रकृमी म्हणजे काय, ते मुळात काय करतात, त्यांचे निदान कसे करावे आणि बंदोबस्ताचा योग्य क्रम कोणता, याची सुबोध मांडणी येथे केली आहे.

नाव आणि स्वरूप

सूत्रकृमी म्हणजे दोऱ्यासारखा कृमी. ग्रीक भाषेत 'नेमा' म्हणजे धागा, त्यावरून 'निमॅटोड' हा शब्द आला. संस्कृतात धागा म्हणजे 'सूत्र'. अरबीत धाग्याला 'खैत' म्हणतात आणि या प्राण्यांना 'दीदान खैतिया' असे नाव आहे. तिन्ही भाषांनी त्यांच्या एकाच रूपावर बोट ठेवलेले दिसते.

जमिनीतील सर्वच सूत्रकृमी शत्रू नसतात. पुष्कळसे सूत्रकृमी जिवाणू व बुरशी खाऊन जगतात आणि सेंद्रिय पदार्थ कुजवण्याच्या कामास हातभार लावतात. पिकाला उपद्रव देणाऱ्यांच्या तोंडात पोकळ सुईसारखा अवयव असतो. ही सुई मुळाच्या पेशीत खुपसून ते आतील रस शोषतात. वनस्पतीवर जगणारा सूत्रकृमी प्रथम १७४३ साली इंग्लंडमध्ये जॉन नीडहॅम यांनी गव्हाच्या रोगट दाण्यांत पाहिला. मुळावर गाठी करणाऱ्या सूत्रकृमीची नोंद १८५५ साली बर्कले यांनी काकडीच्या मुळांवरून केली. भारतात अशा गाठींची पहिली नोंद १९०१ साली बार्बर यांनी दक्षिणेतील चहाच्या मळ्यातून केली.

द्राक्षावर आढळणारे मुख्य प्रकार

१) मूळगाठी सूत्रकृमी (मेलॉइडोगायनी) : आपल्या भागात सर्वांत महत्त्वाचा प्रकार हाच होय. इन्कॉग्निटा आणि जावानिका या त्याच्या दोन जाती उष्ण प्रदेशात विशेष आढळतात. टोमॅटो, वांगी, मिरची, भेंडी, काकडी, डाळिंब अशा शेकडो वनस्पतींवर तो जगतो, म्हणून त्याला उपाशी मारणे कठीण जाते.

२) मूत्रपिंडाकृती सूत्रकृमी (रोटिलेंक्युलस) : याची मादी अर्धी मुळात व अर्धी बाहेर राहते. गाठी होत नसल्यामुळे तो सहसा लक्षात येत नाही.

३) मूळ कुजवणारा सूत्रकृमी (प्रॅटिलेंकस) : हा मुळाच्या आत फिरत राहतो. त्याच्या वाटेवरील पेशी मरतात, काळपट चट्टे पडतात आणि त्यांतून बुरशीला प्रवेश मिळतो.

४) खंजीर सूत्रकृमी (झिफिनेमा) : याची सुई लांब असते आणि तो मुळाबाहेर राहूनच रस शोषतो. यातील इंडेक्स ही जात द्राक्षाच्या 'फॅनलीफ' या विषाणू रोगाचा प्रसार करते. जमिनीतील सूत्रकृमी विषाणू पसरवू शकतो, हे प्रथम याच जातीवरून १९५८ साली कॅलिफोर्नियात ह्यूइट, रास्की व गोहीन यांनी सिद्ध केले. युरोप आणि अमेरिकेतील द्राक्षशेतीत हा मोठा प्रश्न आहे. बाग उपटल्यावर जमिनीत राहिलेली मुळे काही वर्षे जिवंत असतात आणि विषाणूवाहक सूत्रकृमी त्यांवर टिकून राहतात.

पुढील विवेचन मुख्यतः मूळगाठी सूत्रकृमीबद्दल आहे.

मुळाच्या आत काय घडते?

अंड्यातून बाहेर पडलेले पिल्लू सुमारे ०.४ मिलिमीटर लांबीचे असते. मातीच्या कणांभोवती पाण्याचा जो पातळ पापुद्रा असतो, त्यातून ते सरपटत जाते. त्याला हवी असते कोवळी, पांढरी मुळी. मुळीच्या टोकाजवळून ते आत शिरते आणि अन्नपाणी वाहणाऱ्या नलिकांजवळ जाऊन स्थिर होते. तेथील काही मोजक्या पेशींत सुईवाटे ते विशिष्ट स्राव सोडते. या स्रावामुळे पेशींचा स्वभावच बदलतो. त्यांतील केंद्रके पुनःपुन्हा विभागतात, परंतु पेशी मात्र विभागत नाही. ती फुगत जाऊन महाकाय होते. वेलीने पानांत तयार केलेले अन्न आता त्या पेशींत येऊन पडते आणि सूत्रकृमी ते आयते घेतो. भोवतालच्या पेशीही वाढतात आणि मुळावर गाठ दिसू लागते.

मादी हळूहळू फुगून नासपतीच्या आकाराची होते व जागेवरून हलत नाही. ती चिकट पिशवीत साधारण तीनशे ते पाचशे अंडी घालते. इन्कॉग्निटा जातीत प्रजननासाठी नराची गरज लागत नाही. उबदार जमिनीत हे संपूर्ण चक्र सुमारे एका महिन्यात पुरे होते. तीनशे अंड्यांतून केवळ दहाच माद्या वाचल्या असे धरले, तरी तीन पिढ्यांत एकीच्या हजार होतात. आपल्याकडील जमीन वर्षातील बराच काळ उबदार असते. ठिबकमुळे मुळांजवळ ओल कायम राहते. म्हणजे सूत्रकृमीला हवी असलेली परिस्थिती बोदावर आपणच उपलब्ध करून देतो. हलक्या, वाळूमिश्रित जमिनीत त्यांची हालचाल सुलभ होते आणि नुकसान अधिक होते.

लक्षणे आणि निदान

वेलीच्या वरील भागातील लक्षणे फसवी असतात. छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटत नाहीत. पाने लहान व फिकट राहतात. ठिबक चालू असूनही दुपारी वेल मलूल दिसते. घड व मणी लहान राहतात. पाण्याची टंचाई, क्षार किंवा अन्नद्रव्यांची कमतरता असली तरी जवळजवळ हेच दिसते. मात्र एक खूण उपयोगी पडते. सूत्रकृमीचा उपद्रव बहुधा सर्व बागेत एकदम येत नाही, ठिकठिकाणी चकंदळे पडल्यासारखा दिसतो आणि दरवर्षी ती चकंदळे रुंदावत जातात.

खात्री करण्यासाठी मूळ पाहण्याला पर्याय नाही. खरड छाटणी किंवा गोडी छाटणीनंतर नव्या पांढऱ्या मुळ्या सुटतात, त्या काळात ठिबकच्या तोटीजवळची माती अलगद उकरावी. मुळ्या न तोडता काढाव्यात आणि बादलीतील पाण्यात हलकेच धुवाव्यात. द्राक्षाच्या बारीक मुळ्यांवरील गाठी टोमॅटोसारख्या मोठ्या नसतात. पुष्कळदा त्या मोहरीएवढ्या, मण्यांच्या माळेसारख्या दिसतात. हरभरा किंवा तागाच्या मुळावरील नत्राच्या गाठी याहून वेगळ्या असतात. त्या मुळाच्या बाजूला चिकटलेल्या असून नखाने सहज सुटतात. सूत्रकृमीची गाठ म्हणजे फुगलेले मूळच असते, ती सुटी होत नाही.

प्रयोगशाळेत नमुना पाठवायचा असल्यास बागेतील आठ-दहा ठिकाणांहून, तोटीजवळच्या ओल्या पट्ट्यातून, १५ ते ४५ सेंटिमीटर खोलीवरची माती घ्यावी. अगदी मेलेल्या वेलीजवळची माती घेऊ नये, कारण तेथे अन्न संपल्याने सूत्रकृमीही कमी झालेले असतात. खचू लागलेल्या वेलींचा एक व निरोगी वेलींचा एक, असे दोन नमुने वेगळे ठेवावेत. प्रत्येकात सुमारे अर्धा किलो माती आणि मूठभर बारीक मुळ्या असाव्यात. नमुना प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून सावलीत ठेवावा आणि शक्य तितक्या लवकर पोहोचवावा. वाळलेल्या किंवा उन्हात तापलेल्या मातीतून योग्य मोजणी होत नाही. राहुरी किंवा धारवाडचे कृषी विद्यापीठ, पुण्याजवळ मांजरी येथे १९९७ साली स्थापन झालेले राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र किंवा जवळचे कृषी विज्ञान केंद्र यांच्याकडे तपासणीसंबंधी चौकशी करता येते.

घरच्या घरी करता येण्याजोगी एक परीक्षाही आहे. शंका असलेली माती एका कुंडीत भरावी. तीच माती चांगली उकळून, थंड करून दुसऱ्या कुंडीत भरावी. दोन्हींत टोमॅटोच्या साध्या, प्रतिकारक नसलेल्या वाणाचे रोप लावावे. पाच-सहा आठवड्यांनी रोपे उपटून मुळे धुवावीत. पहिल्या कुंडीतील मुळांवर गाठी असतील आणि दुसरीतील मुळे स्वच्छ असतील, तर मातीत मूळगाठी सूत्रकृमी आहेत हे नक्की. मोजणी यातून मिळत नाही, परंतु खताच्या पोत्यांवर पुन्हा पैसे घालण्याआधी एवढे कळणेही फार मोलाचे आहे.

जालीम औषधांचा इतिहास

सूत्रकृमी म्हटले की प्रथम औषधाचे नाव विचारले जाते. म्हणून या औषधांचा इतिहास माहीत असणे आवश्यक आहे. १९५० च्या दशकात डीबीसीपी नावाचे औषध बाजारात आले. 'नेमागॉन' हे त्याचे एक प्रसिद्ध व्यापारी नाव. उभ्या पिकात देता येते आणि वेलीला अपाय करत नाही, म्हणून ते लोकप्रिय झाले. १९७७ साली कॅलिफोर्नियातील लॅथ्रॉप येथे ते तयार करणाऱ्या कारखान्यातील कामगारांच्या लक्षात आले की आपल्यापैकी अनेकांना मुले होत नाहीत. तपासणीत औषधामुळे वंध्यत्व आल्याचे आढळले. १९७९ साली अमेरिकेत त्याच्या बहुतेक वापरावर बंदी आली. तोपर्यंत मध्य अमेरिकेतील केळीच्या मळ्यांतील मजुरांनाही त्याची झळ बसली होती आणि कॅलिफोर्नियातील विहिरींच्या पाण्यात ते उतरले होते.

पुढे जमीन निर्जंतुक करणारा मिथाइल ब्रोमाइड वायू ओझोनच्या थराला घातक ठरला. माँट्रियल करारान्वये विकसित देशांत २००५ पर्यंत व विकसनशील देशांत २०१५ पर्यंत त्याचा सर्वसाधारण शेतीवापर थांबवण्यात आला. भारतात फोरेटवर २०२० च्या अखेरीपासून पूर्ण बंदी आहे. कार्बोफ्युरानच्या ३ टक्के दाणेदार प्रकाराखेरीज इतर प्रकारांवर २०२३ साली बंदी आली. जुन्या पुस्तिकांत ही नावे आजही छापलेली आढळतात. त्या आधारे औषध वापरू नये.

फ्लुओपायरम, फ्लुएनसल्फोन यांसारखी नवी औषधे आता उपलब्ध झाली आहेत. परंतु कोणतेही औषध द्राक्षासाठी मान्य आहे की नाही, हे लेबल पाहून आणि द्राक्ष संशोधन केंद्राची चालू हंगामाची यादी तपासूनच ठरवावे. ठिबकमधून दिलेले औषध मुळावाटे मण्यात येऊ शकते. निर्यातीच्या मालात उर्वरित अंश आढळला तर काय होते, हे २०१० साली क्लोरमेक्वाटच्या प्रकरणात आपल्या बागायतदारांनी सोसले आहे.

शिवाय द्राक्षाची मुळे एक मीटरहूनही खोल जातात. वरून दिलेले औषध तितके खोल पोहोचत नाही आणि उरलेले सूत्रकृमी पुन्हा वाढतात. औषधाने संख्या काही काळ दबते, जमीन कायमची मुक्त होत नाही. म्हणून बंदोबस्ताचा खरा भर लागवडीपूर्वीच्या काळावर असला पाहिजे.

लागवडीपूर्वीचे उपाय

अ) जमिनीची निवड व तयारी : ज्या शेतात आधी टोमॅटो, वांगी, भेंडी, डाळिंब किंवा जुनी द्राक्षबाग होती, तेथील माती तपासल्याशिवाय नवी बाग लावू नये. जुनी बाग काढताना केवळ खोडे न काढता मुळेही शक्य तितक्या खोलवर काढून जाळावीत. उन्हाळ्यात खोल नांगरट करून ढेकळे तापू द्यावीत. एखाद-दोन हंगाम ताग किंवा झेंडू घ्यावा. झेंडूच्या मुळांत सूत्रकृमींना मारक असे द्रव्य असते. मात्र झेंडूचे पीक दाट व पूर्ण हंगाम असावे. बांधावर चार रोपे लावून उपयोग होत नाही.

आ) रोपांची शुद्धता : नव्या जमिनीत सूत्रकृमी बहुधा रोपांच्या पिशवीतून येतो. आपल्याकडे खुंटरोपे पिशवीत वाढवून शेतात लावतात आणि नंतर जागेवर कलम करतात. पिशवीतील माती भाजीपाल्याच्या शेतातून आणलेली असेल, तर शेतकरी पैसे देऊन रोग घरी आणतो. रोपे घेण्यापूर्वी दहा-पंधरा पिशव्या फाडून मुळे धुऊन पाहावीत. रोपवाटिकाचालकाने त्यास नकार दिल्यास रोपे घेऊ नयेत.

रोपवाटिकेसाठी माती उन्हाने तापवून घेण्याची पद्धत सोपी आहे. एप्रिल-मे महिन्यांत माती ओली करून तिचा पातळ थर द्यावा, त्यावर २५ मायक्रॉन जाडीचे पारदर्शक प्लॅस्टिक पसरावे, कडा मातीने बुजवाव्यात आणि चार ते सहा आठवडे तसेच ठेवावे.

इ) खुंटाची निवड : थॉमसन सीडलेस आणि तिच्यापासून निघालेले वाण स्वतःच्या मुळांवर सूत्रकृमीला सहज बळी पडतात. अमेरिकेतील जंगली द्राक्षांपासून तयार झालेले काही खुंट मूळगाठी सूत्रकृमीला प्रतिकारक आहेत. पिल्लू मुळात शिरले तरी तेथील पेशी लगेच मरतात, महाकाय पेशी तयार होत नाहीत आणि पिल्लू उपाशी मरते. आपल्याकडे डॉगरिज हा खुंट १९९० च्या दशकापासून क्षार आणि पाण्याच्या टंचाईवर उपाय म्हणून पसरला. तो मूळगाठी सूत्रकृमीलाही प्रतिकारक आहे, हा त्याचा दुसरा लाभ.

तथापि खुंट म्हणजे कायमचे कवच नव्हे. एका प्रकाराला प्रतिकारक असलेला खुंट दुसऱ्या प्रकाराला बळी पडू शकतो. कॅलिफोर्नियात हार्मनी व फ्रीडम या खुंटांवरही वाढणाऱ्या मूळगाठी सूत्रकृमींचे समूह पुढे आढळून आले. म्हणूनच तेथील डेव्हिस विद्यापीठाने २००८ साली एकाहून अधिक सूत्रकृमींना दाद न देणारे पाच नवे खुंट प्रसारित केले. आपणही प्रयोगशाळेत सूत्रकृमीचा प्रकार ओळखून मगच खुंट निवडणे इष्ट.

उभ्या बागेतील उपाय

बाग लागल्यानंतर उद्दिष्ट मर्यादित ठेवावे लागते. सूत्रकृमींची संख्या कमी ठेवणे आणि पांढऱ्या मुळ्यांची वाढ चालू ठेवणे, एवढे साधले तरी बाग उत्पन्न देत राहते.

१) सेंद्रिय खत व निंबोळी पेंड : भरपूर कुजलेले शेणखत दिल्याने जमिनीत सूत्रकृमींचे नैसर्गिक शत्रू वाढतात. निंबोळी पेंडीतील द्रव्ये सूत्रकृमींना मारक असतात. पेंड बोदावर वर न टाकता मुळांच्या कक्षेत मिसळावी.

२) उपकारक बुरशी व जिवाणू : पर्प्युरिओसिलियम (पूर्वीचे नाव पॅसिलोमायसिस) आणि पोकोनिया या बुरशी सूत्रकृमींची अंडी नष्ट करतात. ट्रायकोडर्मा बुरशी व स्यूडोमोनस जिवाणू मुळांचे रक्षण करतात. एक टन कुजलेल्या शेणखतात पर्प्युरिओसिलियम, ट्रायकोडर्मा व स्यूडोमोनस प्रत्येकी दोन किलो मिसळून, ओल राखून, सावलीत पंधरा दिवस झाकून ठेवावे आणि आठवड्याने एकदा ढीग वरखाली करावा. असे खत छाटणीच्या सुमारास बोदात मिसळावे. हे सजीव आहेत, हे ध्यानात ठेवून त्यांच्या मागे-पुढे लगेच बुरशीनाशक जमिनीतून देऊ नये आणि उन्हात ठेवलेले जुने पुडे विकत घेऊ नयेत.

३) आंतरपीक व तण : नव्या बागेत दोन ओळींमध्ये टोमॅटो, मिरची, वांगी किंवा काकडी घेऊन तात्पुरते उत्पन्न मिळते, परंतु सूत्रकृमींचेही पालनपोषण होते. त्याऐवजी ताग घेऊन फुलोऱ्यापूर्वी गाडावा. रुंद पानांची अनेक तणे सूत्रकृमींना आश्रय देतात, म्हणून बोद स्वच्छ ठेवावा.

४) स्वच्छता : सूत्रकृमी स्वतःच्या बळावर वर्षात फार दूर जात नाही. त्याला दूर नेतो तो माणूस. नांगर, ट्रॅक्टरची चाके, फावडी व पायताणे यांना चिकटलेली माती आणि एका शेतातून दुसऱ्या शेतात वाहणारे पाणी ही त्याची वाहने होत. बाधित भागातील काम शेवटी करावे आणि अवजारे धुऊन ठेवावीत.

५) पाणी व अन्नद्रव्ये : मुळे निकामी झालेल्या वेलीला एकदम जास्त पाणी किंवा खत पेलत नाही. ते थोडे थोडे, अधिक वेळा विभागून द्यावे. पहिल्या एक-दोन हंगामांत घडांची संख्या कमी ठेवल्यास वेलीला मुळ्या सावरण्यास अवधी मिळतो.

समारोप

वरील विवेचनाचे सार असे की सूत्रकृमीचा प्रश्न औषधाच्या दुकानात सुटत नाही. तो रोपवाटिकेत, जमीन निवडताना आणि पांढरी मुळी धुऊन पाहताना सुटतो. एकदा जमिनीत शिरलेला सूत्रकृमी समूळ जात नाही. त्यामुळे त्याला येऊ न देणे सर्वांत स्वस्त, आल्यास लवकर ओळखणे त्याखालोखाल स्वस्त आणि बाग खचल्यावर धावाधाव करणे सर्वांत महाग ठरते.

या कामी आपल्या शिक्षणसंस्थांनाही हातभार लावता येईल. द्राक्षपट्ट्यातील अनेक कनिष्ठ महाविद्यालयांत जीवशास्त्राची प्रयोगशाळा व सूक्ष्मदर्शक असतो. विद्यार्थ्यांनी आपापल्या गावची माती आणून टोमॅटोच्या कुंडीची परीक्षा केली, मुळांवरील गाठी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या आणि निष्कर्ष घरी मराठीत, उर्दूत वा कन्नडमध्ये समजावून सांगितला, तर त्यास खर्च जवळजवळ काहीच येणार नाही. पुढच्या वर्षी बाग लावू पाहणाऱ्या एखाद्या घराचे कर्ज त्यातून वाचू शकेल.